एरंडेल ते संश्लेषित तेल : वेगवान मोटारीच्या वंगणाची कथा

आपल्या मराठी भाषेने एरंडाला फारसा मान दिलेला नाही. 'ओसाड गावी एरंड बळी' असे म्हणताना त्याला वृक्षांच्या पंक्तीत बसविण्यासही आपण नाखूष असतो. आणि कोणाचे बोलणे निःसार लांबले की 'पुरे हे एरंडाचे गुऱ्हाळ' असे म्हणून उठतो. तथापि यंत्रयुगाचा इतिहास चाळू लागले असता या उपेक्षित झाडाची गाठ अगदी अनपेक्षित ठिकाणी पडते. ते ठिकाण म्हणजे वेगवान मोटारीचे इंजिन. अशा इंजिनात कोणते तेल घालावे, हा प्रश्न आज मोटारीच्या हौशी मालकाला पडतो. दुकानाच्या फळीवर संश्लेषित, म्हणजे व्यवहारात ज्याला आपण सिंथेटिक म्हणतो त्या, तेलाचे अनेक डबे ओळीने मांडलेले असतात, आणि प्रत्येक डबा स्वतःस सर्वोत्तम म्हणवीत असतो. हा प्रश्न आजचा नाही. तो शंभराहून अधिक वर्षांचा आहे. त्याची उत्तरे कशी बदलत गेली हे पाहावयाचे, तर हैदराबाद हे फार सोयीचे गाव आहे. एरंडाचे शेत, राजवाड्यातली मोटार, रसायनशाळा आणि शर्यतीचा रस्ता या चारही गोष्टी तेथे एकाच परिसरात सापडतात.

प्रथम वंगण म्हणजे काय, ते पाहू. दोन धातू एकमेकांवर घासू लागले की उष्णता निर्माण होते, धातू झिजतो आणि अखेरीस यंत्र जाम होते. त्या दोहोंच्या मध्ये तेलाचा एक पातळ पापुद्रा कायम ठेवणे, एवढेच वंगणाचे मुख्य काम. बैलगाडी हाकणाऱ्या आपल्या पूर्वजांना हे उत्तम ठाऊक होते. आसाला वंगण दिल्याशिवाय ते लांबच्या वाटेला निघत नसत, आणि त्या वंगणात एरंडेलाचा वाटा मोठा असे. पुढे आगगाडी आली. १८७४ साली वाडी ते सिकंदराबाद हा लोहमार्ग सुरू झाला आणि हैदराबाद मुंबईच्या मार्गाशी जोडले गेले. त्या शतकात भारतातील रेल्वेगाड्यांच्या यंत्रांना वंगण म्हणून, आणि दिव्यांना इंधन म्हणूनही, एरंडेल मोठ्या प्रमाणावर वापरले जाई. निजामाच्या राज्यातील तेलंगणाचे कोरडवाहू जिल्हे, विशेषतः महबूबनगर आणि नलगोंडा, हे एरंडीचे मोठे आगर होते. ज्या तांबड्या, उथळ जमिनीत दुसरे पीक नीट उभे राहत नसे, तेथे एरंड उभा राही आणि गरीब शेतकऱ्याच्या हाती चार रोख पैसे ठेवी.

एरंडेलात असे काय आहे, की ते इतर तेलांहून वेगळे ठरावे? त्याच्या घटकांपैकी जवळजवळ नऊ दशांश भाग रिसिनोलिक अम्लाचा असतो. या अम्लाच्या रेणूला ऑक्सिजन आणि हायड्रोजन यांची एक जोडी बाजूला चिकटलेली असते. ती बहुतेक खाद्यतेलांच्या रेणूंत नसते. या जोडीमुळे एरंडेलाचे रेणू एकमेकांस धरून ठेवतात, म्हणून ते तेल दाट असते. आणि धातूलाही ते घट्ट बिलगतात, म्हणून दाबाखाली ते सहजासहजी निसटत नाही. द्रवाच्या या दाटपणाला शास्त्रात श्यानता म्हणतात. शंभर अंश उष्णतेला एरंडेलाची श्यानता सुमारे १९ ते २० सेंटिस्टोक असते. आजच्या परिमाणाने हे '५०' क्रमांकाचे तेल झाले. म्हणजे शर्यतीच्या गाडीला साजेल असा दाटपणा निसर्गानेच या बीमध्ये भरून ठेवला होता.

म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार आणि विमान ही दोन्ही वाहने एरंडेलाकडे वळली, यात नवल नाही. चार्ल्स वेकफील्ड या इंग्रज व्यापाऱ्याने १८९९ साली वंगणांचा धंदा सुरू केला होता. त्याच्या कंपनीने १९०९ साली मोटार आणि विमानासाठी एरंडेल मिसळलेले नवे तेल बाजारात आणले. एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच त्या तेलाचे 'कॅस्ट्रॉल' हे नाव पडले. पहिल्या महायुद्धातील अनेक लढाऊ विमानांना फिरत्या सिलिंडरांची इंजिने होती. नोम, ल रोन आणि क्लर्जे ही त्यांतील प्रसिद्ध नावे. या इंजिनांत पेट्रोलची वाफ आणि वंगण एकाच पेटीतून जात. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून धुऊन निघे. एरंडेल मात्र पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नसल्याने आपल्या जागी टिके. हे तेल पुन्हा गोळा होत नसे. जळत-उडत ते वैमानिकाच्या तोंडावर येई, आणि आपल्याकडे एरंडेल कशासाठी देतात हे ठाऊक असलेल्या श्रोत्यांना त्या वैमानिकांच्या पोटाची अवस्था निराळी सांगावयास नको!

याच युद्धात हैदराबादचे नाव आकाशात गेले. निजामाच्या देणगीतून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या तुकडीला डी. एच. ९ ए जातीची विमाने मिळाली आणि १९१८ च्या सप्टेंबरात ती तुकडी फ्रान्समध्ये दाखल झाली. 'हैदराबाद तुकडी' हे नाव तिला पुढेही राहिले. तिच्या विमानांना फिरत्या सिलिंडरांची नव्हे, तर लिबर्टी नावाची पाण्याने थंड होणारी बारा सिलिंडरांची इंजिने होती. येथेच आपल्या कथेतील पहिला धडा मिळतो. एकाच युद्धात, एकाच आकाशात, दोन घडणींची इंजिने उडत होती, आणि दोहोंची वंगणाची गरज वेगळी होती. फिरत्या इंजिनाला एरंडेलावाचून गत्यंतर नव्हते. तेच तेल बंदिस्त पेटीत पुन्हापुन्हा फिरविले, तर तापून त्याचा राळेसारखा चिकटा बनतो, तो पिस्टनच्या कड्यांत बसतो आणि तेलाच्या वाटा बुजवितो. जो गुण तो दोष! रेणूंची जी घडण त्याला धातूशी बांधून ठेवी, तिच्यातच हवेतील ऑक्सिजनशी जुळण्याची दुर्बलताही होती. शर्यतीच्या मोटारींत एरंडेल पुढेही कित्येक वर्षे, विशेषतः मद्यार्काच्या इंधनाबरोबर, वापरले गेले. पण तेथे शर्यतीगणिक इंजिन खोलून साफ करण्याची तयारी असे. रोज चालणाऱ्या गाडीला ती चैन परवडणारी नव्हती.

राजवाड्यातील गाडीची गोष्ट याहून वेगळी. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एका रोल्स रॉइस गाडीची मागणी नोंदविली होती. परंतु २९ ऑगस्ट १९११ रोजी त्यांचे निधन झाले आणि १९१२ सालची ती पिवळी गाडी त्यांचे पुत्र मीर उस्मान अली खान यांच्याकडे आली. तिच्या आत सिंहासनासारखे आसन होते. हिचे इंजिन सात लिटरांहून मोठे, सहा सिलिंडरांचे, आणि तेलाचा दाब देऊन वंगण पुरविण्याची त्या काळी नवी असलेली व्यवस्था त्यात होती. एवढे सामर्थ्य असलेली ही गाडी आयुष्यात फारच थोडे अंतर चालली; आज ती चौमहल्ला राजवाड्यात पाहावयास मिळते. इंजिन उभे राहिले की तेल पृष्ठभागावरून निथळून खाली जाते, हवेतील दमटपणा धातूवर साचतो, जुन्या तेलातील अम्ले आपले काम मुकाट्याने करीत राहतात. धावण्याने गाडी झिजते हे सर्वांस ठाऊक आहे. न धावण्याने ती गंजते हे फार थोडे लक्षात घेतात. अशा गाडीला महागातले महाग तेल घालून वर्षानुवर्षे तसेच ठेवणे म्हणजे आजाऱ्याला पक्वान्न वाढून दार लावून घेण्यासारखे आहे.

हैदराबादच्या सामान्य माणसाची मोटार मात्र राजवाड्यात नव्हे, रस्त्यावर होती. १५ जून १९३२ रोजी निजामाच्या रेल्वेच्या मार्ग-वाहतूक खात्याने २७ बसगाड्या आणि १६६ नोकर एवढ्या सामग्रीवर आपली सेवा सुरू केली. त्यांतील आल्बियन गाड्या जुन्या माणसांच्या आठवणीत दीर्घकाळ राहिल्या. या संस्थेच्या इतिहासाशी आपल्या मराठवाड्याचाही संबंध आहे, कारण १९५६ पर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे जिल्हे त्याच राज्यात होते. उन्हाळ्यात तापलेली सडक, धूळ, जड भार आणि रोजची फेरी अशी बसगाडीची अवस्था. या गाड्यांच्या काळापर्यंत मोटारींच्या जगात खनिज तेलाने एरंडेलाला मागे सारले होते. ते स्वस्त होते, एकसारखे मिळे आणि चिकटा कमी धरी. अमेरिकेतील मोटार-अभियंत्यांच्या संस्थेने १९११ सालीच तेलांची वर्गवारी प्रसिद्ध केली होती. पुढे दाटपणाचे क्रमांक रूढ झाले आणि तेल नावावरून नव्हे, तर मोजमापावरून निवडता येऊ लागले. वंगणाच्या इतिहासातील ही मोठी क्रांती होय. व्यापाऱ्याच्या शब्दाऐवजी अंक बोलू लागला.

तथापि खनिज तेलालाही मर्यादा आहेत. ते जमिनीतून निघते तेव्हा लहान-मोठ्या, सरळ-वाकड्या असंख्य रेणूंचे मिश्रण असते. कितीही शुद्ध केले तरी त्यातील काही रेणू थंडीत गोठतात, काही उष्णतेत उडून जातात. मग हवे तसेच रेणू माणसाने स्वतः का जोडू नयेत? हा विचार जुना आहे. चार्ल्स फ्रीडेल आणि जेम्स क्राफ्ट्स यांनी १८७७ सालीच प्रयोगशाळेत असे हायड्रोकार्बन जोडून दाखविले होते. परंतु त्याची निकड भासली ती दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास. जर्मनीत हेर्मान त्सोर्न या रसायनज्ञाने तेलाच्या टंचाईवर आणि कडाक्याच्या थंडीवर उपाय म्हणून असंख्य एस्टर तपासले. एस्टर म्हणजे अम्ल आणि मद्यार्क यांच्या संयोगातून होणारा पदार्थ. युद्धानंतर जेट विमाने आली. उंच आकाशातील गोठविणारी थंडी आणि इंजिनाच्या पोटातील आग ही दोन्ही एकाच तेलाने सोसावयाची होती. अमेरिकन सैन्याने १९५१ साली अशा तेलासाठी कसोट्या ठरवून दिल्या, आणि त्या कसोट्यांना उतरणाऱ्या तेलांत सेबॅसिक अम्लाचे एस्टर अग्रभागी होते.

आता हे सेबॅसिक अम्ल येते कोठून? दाहक क्षाराबरोबर एरंडेल तीव्र उष्णतेने फोडले की ते मिळते. म्हणजे रोटरी इंजिनाबरोबर विमानातून उतरलेला एरंड नाव पालटून, रेणू पालटून, जेट इंजिनात पुन्हा चढला! त्याचा दुबळा भाग रसायनशास्त्राने काढून टाकला होता आणि बळकट भाग राखला होता. एवढेच नव्हे, तर एरंडेलावर हायड्रोजनची क्रिया करून जे अम्ल मिळते, त्यापासून लिथियम ग्रीस तयार होते. आजही जगात वापरल्या जाणाऱ्या ग्रीसचा मोठा हिस्सा त्याच जातीचा आहे. 'एरंडाचे गुऱ्हाळ' ही म्हण ज्याने काढली त्याला या गुऱ्हाळातून निघालेली ही काकवी ठाऊक असण्याचा संभव नव्हता.

हैदराबाद या घडामोडींत नुसते प्रेक्षक राहिले नाही. १९४४ साली संस्थानाने एक मध्यवर्ती औद्योगिक संशोधनशाळा स्थापन केली. १९५६ साली ती भारत सरकारच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेकडे गेली आणि १९८९ पासून भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. तेले आणि चरबी हा तिच्या अभ्यासाचा जुना विषय असून, एरंडेलापासून मिळणाऱ्या अम्लांचे वंगणयोग्य एस्टर बनविण्याचे काम तेथे झाले आहे. शहराच्याच राजेंद्रनगर भागात १९७७ साली तेलबियांच्या संशोधनाचे संचालनालय निघाले. मात्र एरंडीच्या शेतीचे केंद्र दरम्यान सरकले. १९६८ साली गुजरातेत एरंडीचे संकरित वाण निघाले, तेथे पाण्याखाली हे पीक वाढले, आणि आज जगातील एरंडीपैकी चार पंचमांशांहून अधिक पिकविणाऱ्या भारतात सर्वांत मोठा वाटा गुजरातचा आहे. तेलंगणाच्या अनेक शेतांत कापसाने त्याची जागा घेतली. ज्या शेतकऱ्याच्या झाडाने जगाची इंजिने फिरविली, त्याच्या पदरी त्या वेगाचा वाटा किती पडला, हा प्रश्न वंगणाच्या इतिहासाने विसरू नये.

सामान्य मोटारीत संश्लेषित तेल आले ते १९७० नंतर. १९७४ साली 'मोबिल १' बाजारात आले, आणि पुढे वेगवान गाड्यांचे कारखाने अशा तेलावर विसंबू लागले. मग 'संश्लेषित' या शब्दावरच वाद उभा राहिला. खनिज तेलाच्या रेणूंवर हायड्रोजनची कठोर क्रिया करून त्यांची घडण पालटली, तर त्याला संश्लेषित म्हणावे काय? मोबिलने कॅस्ट्रॉलविरुद्ध तक्रार केली, आणि १९९९ साली जाहिरातींच्या वादांचा विचार करणाऱ्या अमेरिकन मंडळाने कॅस्ट्रॉलचा दावा ग्राह्य धरला. एरंडाचे नाव लावणारी कंपनीच या वादात खनिज तेलाच्या बाजूने उभी होती, हा इतिहासाचा विनोद! परिणाम असा की, डब्यावरचा 'संपूर्ण संश्लेषित' हा शब्द आज आतील रेणूंविषयी निश्चित काही सांगत नाही. तो वाचून निवड करणे म्हणजे पागोटे पाहून पंडित ओळखण्यासारखे आहे.

मग हैदराबादच्या रस्त्यावर वेगवान गाडी बाळगणाऱ्याने काय पाहावे? पहिली गोष्ट, गाडीबरोबर आलेली पुस्तिका. तीत कारखान्याने मान्यतेचा जो विशिष्ट क्रमांक दिला असेल, तोच क्रमांक डब्यावर असला पाहिजे. 'तत्सम' या शब्दावर भागवू नये. दुसरी गोष्ट, दाटपणाचे दोन अंक. '५ डब्ल्यू ४०' यातील पहिला अंक थंडीचा आहे. ५ डब्ल्यू तेल उणे ३० अंशांच्या कसोटीला उतरलेले असते. हैदराबादचा पारा दहा अंशांखाली क्वचित जातो, म्हणून तेथे शून्य की पाच हा वाद गौण आहे. दुसरा अंक उष्णतेचा, आणि उन्हाळी शहरात खरा प्रश्न तोच. '४०' क्रमांकाच्या तेलाची श्यानता शंभर अंशांवर १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक या मर्यादेत असते. जलद फिरणाऱ्या बेअरिंगमध्ये तेलावर जो ताण पडतो, त्याची कसोटी दीडशे अंशांवर घेतात. कणखर इंजिनांसाठी तिचा किमान आकडा बहुधा ३.५ सांगितलेला असतो.

परंतु यावरून 'जितके दाट तितके उत्तम' असा निष्कर्ष काढणारा फसतो. आजच्या इंजिनांतील फटी सूक्ष्म असतात, झडपांची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते, आणि टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. तेथे दाट तेल वेळेवर पोहोचलेच नाही तर त्याचा दाटपणा काय कामाचा? उलट, थेट फवाऱ्याने पेट्रोल घेणाऱ्या टर्बो इंजिनांत मंद गतीवर एकदम भार पडला असता तेलाचे थेंब अवेळी पेट घेऊन पिस्टन फोडू शकतात. हा दोष आवरण्यासाठी तेलातील कॅल्शियमचे प्रमाण बदलावे लागले, आणि २०१८ व २०२० साली त्यासाठी नव्या कसोट्या आल्या. तेव्हा अशा गाडीला 'एस पी' या वर्गाचे तेल घालणे हा शौक नसून संरक्षण आहे. तिसरी गोष्ट, वापर. बाह्यवर्तुळ मार्गाच्या १५८ किलोमीटरांवर मोकळी धावणारी गाडी आणि अमीरपेठच्या गर्दीत तासन्‌तास तापत उभी राहणारी गाडी या दोन्ही एकच असल्या, तरी त्यांचे तेल एकाच गतीने म्हातारे होत नाही. दुसरीने तेल लवकर बदलावे. आणि ज्यांच्या घरी वाडवडिलांची जुनी गाडी आहे, त्यांनी तर नव्या तेलाच्या मोहात मुळीच पडू नये. तेल गाळण्याची सोय नसलेल्या जुन्या इंजिनात नव्या तेलातील साबणासारखी द्रव्ये वर्षांचा गाळ सुटा करून तेलाच्या वाटा बुजवू शकतात.

११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादेत हुसेनसागराच्या काठी विजेवर चालणाऱ्या मोटारींची जागतिक शर्यत झाली आणि फ्रान्सच्या जाँ-एरिक व्हेर्न याने ती जिंकली. त्या गाड्यांत पेट्रोलचे इंजिनच नव्हते. मग इंजिनतेलाचा प्रश्न कोठून येणार? तरी दंतचक्रे होती, बेअरिंगे होती, आणि जेथे धातू धातूला भेटतो तेथे वंगण हवेच. आसाला लावलेल्या एरंडेलापासून या शर्यतीपर्यंत हेच सूत्र अखंड आहे. प्रत्येक काळी कोणते तरी तेल सर्वोत्तम म्हणून मिरवले, आणि प्रत्येक काळी ते एका विशिष्ट यंत्रासाठी, एका विशिष्ट उष्णतेत, एका विशिष्ट वापरातच तसे होते. उत्तम तेल असे स्वतंत्रपणे काही नसते; योग्य तेल असते, आणि त्याची योग्यता यंत्र ठरविते, मालकाचा अभिमान नव्हे. ओसाड गावी एरंड बळी ठरतो, असे आपण कुचेष्टेने म्हणतो. परंतु प्रत्येकाचे बळ त्याच्या जागेवर अवलंबून असते, एवढा अर्थ त्या म्हणीतून घेतला, तर तेल निवडताना दुसऱ्या सल्ल्याची फारशी गरज पडणार नाही.